इकामा कोण संपवतं?

वाचकांचे प्रश्न : आखातातले ‘बेकायदा’ कामगार

आखातात कागदपत्रांशिवाय अडकलेल्या कामगारांविषयी आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. पत्रांत जे शब्द आले तेच उत्तरांत वापरले आहेत. ज्या मालकाच्या नावावर व्हिसा निघतो तो कफील. राहण्या-काम करण्याचं ओळखपत्र म्हणजे इकामा. कामगार पळून गेल्याची मालकाने केलेली नोंद म्हणजे हुरूब, आणि कायमचं देश सोडण्याचा शिक्का म्हणजे खुरूज.

माझे यजमान दम्मामला छोट्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. पगार १,८०० रियाल. आठ महिन्यांपूर्वी इकामा संपला. कफील म्हणतो, दहा-साडेदहा हजार रियाल आणून दे, मग नवा करतो. हा खर्च कामगारानेच करायचा असतो का?
— एक वाचक, गुहागर

नाही, ताई. सौदी कामगार कायद्याचं ४०वं कलम याबाबत स्पष्ट आहे. भरतीचा खर्च, इकामा, वर्क परमिट, दोन्हींचं नूतनीकरण, उशीर झाल्यास त्याचा दंड, सुट्टीवर जाऊन येण्याचा व्हिसा आणि करार संपल्यावर परतीचं तिकीट, हे सगळं मालकाने भरायचं असतं.

कफीलने सांगितलेला आकडा मात्र हवेतला नाही. इकाम्याचे वर्षाचे ६५० रियाल, वर्क परमिटचे १०० आणि परदेशी माणूस ठेवल्याबद्दल सरकारला द्यायचा महिन्याचा कर ८०० रियाल, म्हणजे वर्षाला ९,६००. बेरीज १०,३५०, आरोग्यविमा वेगळा. हा मासिक कर २०१८ मध्ये ४०० होता, २०१९ मध्ये ६०० झाला आणि २०२० पासून ८००. (ज्या आस्थापनेत सौदी कामगार परदेशी कामगारांइतके किंवा जास्त आहेत तिथे ७००. काही उद्योगांना आणि अगदी लहान दुकानांना सवलतीही मिळाल्या.) परदेशी माणूस महाग केला की मालक सौदी माणूस घेईल, असं सरकारचं गणित होतं. गल्लीतल्या वर्कशॉपवाल्याने आपलं गणित मांडलं : माणूस तोच ठेवला, इकामा तेवढा सोडून दिला.

इकामा गेला की बाकीचं एकामागून एक जातं. बँक खातं गोठतं, म्हणून पगार रोखीने सुरू होतो. पगार रोखीने मिळाला की तो मिळाला किंवा नाही मिळाला याचा पुरावा उरत नाही. विमा संपतो, म्हणून इस्पितळात आधी पैसे मोजावे लागतात. अधिकृत मार्गाने घरी पैसे पाठवता येत नाहीत, मग हुंडीवाला गाठावा लागतो. नूतनीकरणाला उशीर केल्याचा दंड पहिल्यांदा ५०० रियाल, दुसऱ्यांदा १,०००, आणि तिसऱ्यांदा थेट देशाबाहेर. दंड कायद्याने मालकाच्या नावावर पडतो, पण नाक्यावर तपासणी होते तेव्हा गाडीत कामगाराला चढवतात.

आता उपाय. मार्च २०२१ च्या सुधारणेनुसार इकामा किंवा वर्क परमिट संपलेलं असेल तर कफीलच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे बदली घेता येते. सलग तीन महिने पगार थकला असेल, किंवा देशात आल्यापासून तीन महिन्यांत करार सरकारी नोंदीत चढवला नसेल, तरीही हाच हक्क मिळतो. नवी कंपनी ‘क्विवा’ या सरकारी संकेतस्थळावरून मागणी टाकते आणि यजमानांनी ती स्वतःच्या खात्यातून मान्य करायची असते. बऱ्याच जणांचं काम अडतं ते इथेच. मान्यतेचा ओटीपी इकाम्यावर नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर येतो, आणि तो नंबर बंद तरी पडलेला असतो किंवा सुरुवातीलाच मालकाने आपल्या माणसाचा नंबर टाकलेला असतो. म्हणून आधी ‘अबशर’ या सौदी सरकारी सेवेच्या खात्यात कोणता नंबर आहे ते पाहायला सांगा.

बदली पूर्ण होण्याआधी नव्या जागी कामाला लागू देऊ नका. तिथे पकडले गेले तर दोघंही अडकतात आणि नव्या मालकाला एक लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे तोही हात झटकतो. कफीलला रोख रक्कमही देऊ नका. पैसे घेऊनही इकामा न केल्याच्या तक्रारी इतक्या येतात की त्यांचा स्वतंत्र अंक निघेल.

धाकटा भाऊ रियाधला सात वर्षं आहे, पगार १,५००. पाच महिने पगार नाही म्हणून त्याने काम थांबवलं, तर कफीलने हुरूब मारला. आता पगार मागायचा की जीव वाचवायचा?
— एक वाचक, मंडणगड

दोन्ही करायचं, पण क्रम चुकू द्यायचा नाही.

हुरूब का मारतात ते आधी पाहा, म्हणजे घाई कशाची करायची ते कळेल. पाच महिन्यांचा थकलेला पगार ७,५००. सात वर्षांच्या नोकरीची अखेरची रक्कम, म्हणजे पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या वर्षांना पूर्ण महिन्याचा : ३,७५० अधिक ३,०००, एकूण ६,७५०. म्हणजे १४,२५० रियाल, वर तिकीट आणि इकाम्याचा खर्च. हुरूब नोंदवायला मालकाला काय लागतं? काही मिनिटं. सलग १५ दिवस विनाकारण गैरहजर राहिलेल्याला अखेरच्या रकमेशिवाय काढता येतं, असं ८०वं कलम सांगतं. थकलेला पगार मात्र या कलमानेही बुडत नाही. पण तो मागायला माणूस देशातच राहिला नाही की झालं.

पूर्वी हुरूब लागला की कामगार एका रात्रीत फरारी ठरायचा आणि पुढची वाट तरहीलकडेच, म्हणजे हद्दपारीच्या कोठडीकडे जायची. ऑक्टोबर २०२२ पासून थोडी फट मिळाली आहे. पहिले साठ दिवस नोंदीत ‘मुनकते’ म्हणजे कामापासून तुटलेला, असा शेरा दिसतो. या मुदतीत दुसऱ्या मालकाकडे बदली घेता येते, नाहीतर खुरूज घेऊन देश सोडता येतो. साठ दिवस उलटले की शेरा ‘मुतगय्यिब’ होतो आणि मग जुनंच चक्र. भावाच्या नावापुढे आज यातला कोणता शब्द आहे आणि तो कोणत्या तारखेला लागला, हे सगळ्यात आधी काढायला सांगा. पुढचं सगळं त्या तारखेवर अवलंबून आहे.

पगाराची तक्रार आधी ‘तस्विया’ म्हणजे समेटाच्या विभागात जाते. तिथे २१ कामकाजाच्या दिवसांत तडजोड झाली नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात जातं. नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. पुरावा म्हणून करार, बँकेचं विवरण, कामाच्या जागेचे तारखेसह फोटो, मुकादमाचे कामाचे आदेश असलेले व्हॉट्सअॅप संदेश आणि हजेरीचं कार्ड, जे असेल ते ठेवायचं. संदेश दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. फोन जप्त झाला की पुरावाही जातो. सुनावणीआधी परतावं लागलं तर तिथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून यावं. ते न करता विमानात बसलेल्यांचे दावे पुढे सरकत नाहीत.

आणि ज्यांचा पगार आत्ता थकतोय त्यांच्यासाठी : काम थांबवण्याआधी तक्रार नोंदवा. तक्रारीची तारीख हुरूबच्या तारखेच्या आधीची असेल तर मालकाने सूड म्हणून नोंद केली हे दाखवता येतं. तारखा उलट्या असतील तर तुम्ही पळालात आणि मग तक्रार सुचली, असा अर्थ काढला जातो. भावाच्या बाबतीत तसं झालं असेल तर पाच महिन्यांत एकदाही पगार जमा नसलेलं बँकेचं विवरण हाच त्याचा मोठा आधार.

एक मोठा अपवाद लक्षात असू द्या. घरचा ड्रायव्हर, मोलकरीण, माळी, मेंढपाळ, शेतमजूर यांना २०२१ ची सुधारणा लागू केली गेली नाही. सगळ्यात एकाकी जागी काम करणारेच नेमके बाहेर ठेवले.

पासपोर्ट कफीलने ठेवून घेतलाय. हे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, श्रीवर्धन

नाही. सौदी, कुवेत, कतार, अमिरात, कुठेही नाही. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो. तरी तो ठेवून घेतातच, आणि परत मागणं म्हणजे भांडण काढणं असं मानलं जातं. परतण्यासाठी पासपोर्ट मिळतच नसेल तर वकिलात एकदाच वापरता येणारं आपत्कालीन प्रवासपत्र देते. कामगार त्याला आउटपास म्हणतात. त्यासाठी पासपोर्टची प्रत, फोटो आणि भारतीय असल्याचा दुसरा काही पुरावा लागतो. मात्र आउटपास म्हणजे खुरूज नव्हे. देश सोडण्याची परवानगी तिथल्या सरकारकडून वेगळी घ्यावी लागते. पुष्कळ जण आउटपास हातात घेऊन आठवडेच्या आठवडे थांबलेले असतात ते यामुळेच.

मुंबईचा एजंट १ लाख ६० हजारांत सौदीचा ‘आझाद व्हिसा’ देतो म्हणतो. तिथे जाऊन हवं तिथे काम करा, कफीलला महिन्याला थोडे पैसे द्या. मुलगा नववी पास आहे. पाठवू का?
— एक वाचक, खेड

पाठवू नका. आझाद व्हिसा नावाचा व्हिसा कोणत्याही सरकारी यादीत नाही. एखाद्या सौदी माणसाच्या कागदावरच्या दुकानाला दोन-चार परदेशी कामगार आणायची परवानगी असते. काम नसतंच. तो ती परवानगी विकतो. मधल्या तिघा-चौघांचे हात ओले होत होत ती मुंबईत येते तेव्हा तिची किंमत दीड लाखावर गेलेली असते. मुलगा तिथे उतरला की ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्याच्याकडे काम नसतं, आणि ज्याच्याकडे काम आहे त्याच्या नावावर व्हिसा नसतो. ३९व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याकडे काम करणं हाच गुन्हा. म्हणजे इकामा वैध असतानाही तो पहिल्या दिवसापासून बेकायदा. आणि ‘थोडे पैसे’ देणं एक महिना चुकलं की कफीलकडे हुरूबचं हत्यार आहेच.

सरकारी बाजू अशी. दहावी पास नसल्यामुळे मुलाच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा, शेरा असेल. अशा माणसाला कामासाठी १८ देशांत जाताना, त्यात सहाही आखाती देश आले, भारत सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या एजंटने माणसं पाठवणं गुन्हा आहे. नोंदणीकृत एजंटलाही कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयेच घेता येतात, आणि तेही पावती देऊन. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी निघते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचं संरक्षण.

एजंट याच्या पुढची युक्ती सांगेल : ‘मंजुरीची कटकट नको, पर्यटक व्हिसावर पाठवतो, तिथे बदलून घेऊ.’ यात करार नाही, विमा नाही, आणि उद्या वकिलातीत गेलात तर मुलगा कोणत्या कंपनीत कामाला आला होता याची भारतात कुठेच नोंद नाही. एजंटची कटकट तेवढी वाचते.

तुमच्या सदरात नेहमी कामगारांची बाजू येते. पण परक्या देशात राहायचं तर तिथले नियम पाळायला नकोत का? मुदत संपल्यावर राहिले तर दंड आणि हद्दपारी होणारच. यात सरकारचं काय चुकलं?
— एक वाचक, पुणे

नियम पाळावेत, याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की ज्या कागदाचं नूतनीकरण करायचा अधिकार कामगाराला नाहीच, तो कागद संपल्याची शिक्षा त्याला का? वर आलेली पहिली तीन पत्रं पुन्हा पाहा. पहिल्यात मालकाने पैसे वाचवले, दुसऱ्यात बुडवले आणि तिसऱ्यात पासपोर्ट दाबून ठेवला. बेकायदा ठरला तो दरवेळी कामगारच. आखातातले बेकायदा भारतीय बहुतेक विमानतळावरून, वैध व्हिसावर, सरकारी शिक्का घेऊन आत आलेले असतात. कागद नंतर जातात.

सौदीच्या नितकात योजनेचं उदाहरण घ्या. २०११ पासून कंपन्यांना सौदी कामगारांच्या प्रमाणानुसार रंग दिले गेले, आणि लाल रंगातल्या कंपनीला परदेशी माणसांचा इकामा वाढवून मिळेना. कंपनीने सौदी माणसं भरती केली नाहीत, आणि तिच्याकडच्या मिस्त्रीचा इकामा गेला. मग २०१३ मध्ये सरकारने माफी जाहीर केली, ती नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली. २०१७ मध्ये पुन्हा माफी. कुवेतने मार्च ते जून २०२४ माफी दिली, अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४. दर काही वर्षांनी माफी द्यावी लागते, याचा अर्थ बेकायदा माणसं तयार करणारा कारखाना चालू आहे आणि अधूनमधून त्याचा माल तेवढा उचलला जातो.

माफीतही एक मेख असते. सरकार स्वतःचा दंड माफ करतं. मालकाकडे थकलेला पगार माफीत मिळत नाही. रांगेत उभा राहून खुरूज घेणारा माणूस सहसा आपलं येणं तिथेच सोडून येतो, म्हणजे माफी मालकालाही मिळाली. ज्याच्यावर मोबाइलचा थकलेला हप्ता किंवा कर्ज यांवरून पोलिसांत नोंद आहे, त्याला माफीच्या काळातही विमानतळावरून परत पाठवतात. आधी ती रक्कम मिटवावी लागते.

आणखी एक हिशोब, पुण्यात बसूनही पटेल असा. ज्याच्याकडे कागद नाहीत तो तक्रार करू शकत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. तो स्वस्त पडला की शेजारच्या कागदवाल्याचाही पगार वाढत नाही. कडक नियमांनी देशी माणसाचं रक्षण होईल म्हणतात. प्रत्यक्षात सगळ्यात दबलेला कामगार हाच मालकाला सगळ्यात परवडतो, आणि जितका धाक जास्त तितका तो दबतो.

मेहुणा कुवेतला २० नंबरच्या व्हिसावर गेला, पण काम बकाल्यात (किराणा दुकानात) करत होता. इकामा संपून सहा महिने झाले. २०२४ ची माफी हुकली. दंड किती बसेल?
— एक वाचक, मुंब्रा

२० नंबर हा घरकामाचा व्हिसा, ‘खादिम’. दुकानात काम करायचं तर १८ नंबर, ‘शून’ हवा. म्हणजे इकामा संपण्याआधीही तो नियमाबाहेरच होता. जानेवारी २०२५ पासून कुवेतमध्ये निवासाचा नवा कायदा आहे. त्यात १८ नंबरवाल्यांना पहिला महिना दिवसाला दोन दिनार, पुढे चार, जास्तीत जास्त १,२०० दिनार दंड आहे. घरकामवाल्यांना दिवसाला दोन आणि कमाल ६००. सहा महिन्यांचे साधारण ३६० दिनार धरा. दिवस वाढू देऊ नका. छाप्यात सापडला तर बोटांचे ठसे घेऊन पाठवतात आणि कुवेतचं दार बंद होतं. आधी वकिलातीत जाऊन आउटपास, आणि त्याच्यावर दुसरी काही नोंद आहे का याची चौकशी, या दोन गोष्टी बरोबरीने करा.

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून कुवेतने १८ नंबरवाल्यांना देशाबाहेर जायला मालकाच्या मंजुरीचा परवाना सक्तीचा केला, सुट्टीसाठीसुद्धा. कतारने हीच अट २०१८ आणि २०२० मध्ये दोन टप्प्यांत काढून टाकली होती. शेजारी काढतोय आणि हे लावतायत! तेव्हा गणपती, ईद, घरातलं लग्न यांची तिकिटं काढण्याआधी परवाना हातात घ्या.

चुलतभाऊ सौदीत वारला. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर हुरूब लागला होता. कफील म्हणतो, माझा संबंध नाही. मयत आणायला काय करावं?
— एक वाचक, म्हसळा

कायद्याने मृतदेह पाठवण्याचा खर्च मालकाचा, पण हुरूबच्या नोंदीकडे बोट दाखवून तो अंग काढून घेतो. त्याच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. रियाधची वकिलात किंवा जेद्दाहचा वाणिज्य दूतावास, ज्याच्या हद्दीत मृत्यू झाला तिथे लगेच कळवा आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. भारतीय समुदाय कल्याण निधीतून वाहतुकीचा खर्च मागता येतो. हा निधी वकिलातीच्या सेवांवर आकारलेल्या छोट्या शुल्कातून जमतो, म्हणजे तुमच्या भावासारख्यांच्याच पैशातून. मागायला संकोच नको.

घरून लागतं ते जवळच्या वारसाचं नोटरी केलेलं संमतिपत्र. मयत भारतात आणायचं की तिथेच दफन करायचं, आणि तिथली कागदपत्रं कोण करणार त्या व्यक्तीचं नाव व इकामा क्रमांक, हे त्यात स्पष्ट लिहा. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं मोघम लिहिलेलं पत्र परत येतं. पत्नी हयात असेल तर सही तिचीच हवी, भावाची चालत नाही, आणि यावर घरात मतभेद असतील तर ते पत्र पाठवण्याआधी मिटवा. तिकडे इस्पितळाचा मृत्यू अहवाल, पोलिसांची ना हरकत, वकिलातीची मृत्युनोंद व रद्द केलेला पासपोर्ट, देश सोडण्याची मंजुरी आणि शवलेपनाचा दाखला, एवढे टप्पे असतात. हुरूब असला की देश सोडण्याच्या मंजुरीत वेळ जातो.

भावाचे मूळ कागद मिळणार नाहीत असं धरून चाला. जुन्या फोनमध्ये, पैसे पाठवल्याच्या पावत्यांवर, एजंटच्या फाइलमध्ये त्याचा पासपोर्ट क्रमांक आणि दहा आकडी इकामा क्रमांक शोधा. हे दोन आकडे मिळाले की वकिलातीचं निम्मं काम सोपं होतं. घरातलं दुसरं कुणी आत्ता तिकडे असेल तर त्यांच्याकडून पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, इकाम्याची पुढची-मागची बाजू आणि करार यांचे फोटो आज रात्रीच मागवून घ्या.